पडद्यावर नसलेली निळी स्कूटर

भूतखेत, साक्षात्कार वगैरे मी कधीच मानलं नाही. आमच्या बौद्ध घरात असल्या गोष्टींना दारातूनच परत पाठवतात. तरीही हे लिहितेय...

२००८ साल असेल. आम्ही बदलापूरला, कात्रपमध्ये राहायचो. काचबिंदूने सुमनआत्याची कडेची नजर गेली होती, फक्त समोरचं दिसायचं. एकदा रिक्षाचा धक्का लागला आणि पप्पांनी फर्मान काढलं, "ताई, आता एकटीने बाहेर पडायचं नाही." म्हणजे विहारात दर रविवारी माइकवरून सगळ्यांची बुद्धवंदना घेणं बंद. आत्या धड जेवेना.

मी उल्हासनगरला इंजिनिअरिंग करत होते. प्रोजेक्ट नेमका तोच — नजर कमी झालेला माणूस रस्ता कसा ओलांडतो, हे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत तपासायचं. आमच्या कात्रपचाच उतार कॉम्प्युटरवर उभा केला होता. जड हेडसेट चढवला की रस्ता समोर. पप्पा म्हणाले, "त्यात पास झाली तर जाऊ दे."

आत्याला घेऊन ते स्वतः कॉलेजात बघायला आले. चित्राच्या कडा काळ्या केल्यावर माझे धडधाकट मित्र पटापट गाड्यांखाली गेले. आत्याने मात्र मान पूर्ण वळवून आधी उलट्या बाजूला पाहिलं.

"आत्या, तिकडून गाडी येणारच नाही, वन-वे आहे," एक मित्र हसला.

"तू बदलापूरचा नाहीस वाटतं," आत्या म्हणाली, आणि दर वेळी सुखरूप पार झाली.

शेवटच्या खेपेला मात्र मोकळ्या रस्त्यात थबकली. "निळी स्कूटर जाऊ दे. इंजिन बंद करून येतोय मेला."

स्क्रीनवर काहीच नव्हतं. स्कूटर आम्ही बनवलीच नव्हती!

"बघ, आता नसलेलंही दिसायला लागलं," पप्पा म्हणाले. निकाल लागला होता. मला रडू आलं.

संध्याकाळी घरी परतताना तोच उतार. पप्पांनी उजवीकडे बघून पाऊल टाकलं... आणि समोर बघत उभ्या आत्याने त्यांचा शर्ट धरून मागे खेचलं. डावीकडून, राँग साइडने, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलेली निळी स्कूटर आवाज न करता निघून गेली.

पप्पा बराच वेळ शर्ट नीट करत राहिले. मग विचारलं, "ताई, रविवारी वंदना किती वाजता असते?"

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, "दिसली म्हणून थांबले." त्या रविवारी पांढरी साडी नेसून ती एकटी गेली. विहाराच्या माइकवरून तिचा खणखणीत आवाज आला, तेव्हा पप्पा गॅलरीत हात जोडून उभे होते.