दारव्ह्याची बरोबरी
सरकीचा तेलकट वास आला की मला दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगशेजारचं ते सभागृह आठवतं. जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी होती. मी कॉलेजात होते आणि समोर होते पिकल्या मिशांचे एक निवृत्त गुरुजी. बरोबरी झाली तरी माझी संघात निवड होणार होती, हरले तर सगळं संपलं. दोघांचे वजीर, हत्ती, घोडे एकमेकांत असे अडकले होते की मी एकच चाल पुन्हापुन्हा मोजत बसले, आणि घड्याळात जेमतेम मिनिटभर उरलं. तेवढ्यात सकाळी जीपमध्ये बाबा म्हणाले होते ते आठवलं, “सगळंच कायले मोजतं वं? पहिले शह दिसते का, ते पाह्य.” मी मोजणं सोडून नुसते शह शोधले. वजिराचा एक सापडला, मग दुसरा, मग पुन्हा पहिलाच. त्यांच्या राजाला त्यातून सुटताच येईना, पटावर तीच मांडणी तिसऱ्यांदा आली आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. गुरुजींनी हात पुढे केला. “बरं झालं बाई, मले तं मघापासून काहीच दिसून नव्हतं राह्यलं!” आम्ही दोघंही मोकळेपणाने हसलो. आजही डावात काही सुचेनासं झालं की वाटतं, समोरच्यालाही दिसत नसेल, आणि माझा जीव भांड्यात पडतो.