आळीतली अळी

“अळीला काय विचारायचंय? बसेल पानाखाली गप्प.”

दादा स्वयंपाकघरात बाबांना सांगत होता. मी मागच्या पायरीवर बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसले होते आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर उघडी होती. अळी म्हणजे मी.

बाबा म्हणाले, तरी तिच्या कानावर घालायला हवं. दादा म्हणाला, रविवारी पेव्हरवाला माप घ्यायला येतोय, तेव्हा कळेलच की. आई म्हणाली, झाडं तिची आहेत रे. त्यावर दादाने चार मोठ्या कुंड्या आणून द्यायचं कबूल केलं. कुकरची शिट्टी झाली आणि विषय संपला.

विषय होता मी बसले होते त्या जागेचा. आमच्या पेणच्या घरामागे, न्हाणीच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत मातीची एक पट्टी आहे. माझ्या पावलांनी लांबीला एकोणीस, रुंदीला सात. तिथे पावसाआधी पेव्हर ब्लॉक बसवून दादाची गाडी लावायची असं ठरत होतं. दादा डोलवीला कंपनीत आहे, शिफ्ट करून येतो. आमच्या आळीत गाडी नीट उभी राहत नाही, दिवाळीत कुणीतरी तिचं दार खरवडून गेलं, आणि त्या दिवसापासून तो रोज घरी आला की आधी गाडीभोवती फेरी मारतो. त्याचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण ती पट्टी तीन वर्षांपूर्वी बाबांनी मला दिली होती. “कर तुला काय करायचंय ते,” असं म्हणून. तेव्हा तिथे फुटक्या कौलांचा ढीग होता, आता माझे अळवाचे वाफे आणि एक लिंबू आहे.

मी वाल सोलून संपवले, सालं लिंबाच्या बुंध्याशी टाकली आणि आत जाऊन गप्प जेवले. दादाने सांगितलं होतं तसंच. राग मला माझ्या त्या गप्प बसण्याचाच जास्त आला.

ते नाव मला रोह्यात पडलं, आत्याकडे. मी नऊ वर्षांची होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी मी ऐकून शिकले आणि पाट्या वाचून बिघडवली. आमच्या आळीच्या तोंडाशी जी पाटी आहे तिच्यावर नाव इंग्रजीत आहे, आणि त्यात ‘आळी’ हा शब्द ए, एल, आय असा लिहिला आहे. मी तो मनातल्या मनात ‘अळी’ असा वाचला. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी पेणला कुठे राहता म्हणून विचारलं, तर मी म्हणाले, आम्ही अळीत राहतो. तिथे खूप माणसं राहतात. खोली हसली. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे आता कळतं. तेव्हा कळलं ते एवढंच, की चारचौघांत मराठी बोलायचं नाही. दादाने परतीच्या एसटीत वडखळपर्यंत मला अळी अळी म्हणून घेतलं आणि पुढे ते नावच झालं.

आत्या मात्र हसली नव्हती. ती मराठी शाळेत शिकवायची. पाहुण्या गेल्यावर तिने मला हाताला धरून परसात नेलं. केळीभोवती मातीचं कडं करून तिने पाणी अडवलं होतं, त्यात माझं बोट बुडवलं. हे आळं. शेजारी रुंद पानं होती. हे अळू. एक पान उलटं करून तिने हिरवा किडा दाखवला. ही अळी. “आणि माणसं राहतात ती आळी. चारही आपलीच आहेत. म्हण बघू.” मी म्हटलं नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिले. आत्याने आग्रह केला नाही.

मी बोलत नाही याचा अर्थ मला बोलायला काही नाही असा घरच्यांनी घेतला आहे. त्यांना माझी दुसरी बाजू माहीत नाही, आणि ती मी त्यांना दाखवलेलीही नाही. मी एका लांबलचक इंग्रजी कादंबरीमालिकेची वेडी आहे. तिच्यात ड्रॅगन आहेत, खोटे राजे आहेत, नकाशे आहेत, आणि पानंच्या पानं चालत राहणारी माणसं आहेत. ती वाचणारे आम्ही जगभर पसरलेले लोक एका गटात आहोत. दर उन्हाळ्यात आम्ही त्या माणसांची वाट चालतो. म्हणजे आपापल्या गावात रोज चालायचं, अंतर नोंदवायचं, आणि पुस्तकातल्या ज्या मुक्कामाएवढं अंतर झालं त्या मुक्कामाचं जेवण घरी करायचं. नियम एकच, जिन्नस आपल्या गावचे हवेत. वाद झाले की सोडवायला मी असते. तिथे माझं म्हणणं लोक ऐकतात. तिथे मला कुणी अळी म्हणत नाही.

तर मी चालते. पहाटे आळीतून बाहेर पडते, बाजारपेठ ओलांडते आणि खाडीच्या अंगाला बांधावर जाते. एप्रिल संपता संपता तिथली जमीन पांढरी पडलेली असते आणि आठ वाजले की डोळे उघडवत नाहीत. बांधावर एक म्हातारी रोज भेटते, डोक्यावर पाटी घेऊन पेणच्या बाजाराला निघालेली. तिने सुरुवातीला चार दिवस नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं, “कुनाची गो तू? रोज एकटीच कुठं जातंस?”

चालायला, म्हटलं.

“अन् मंग?”

मग परत.

ती पाटी सावरत हसली. “बरां हाय. आमाला पन कुनी येवरंच काम दिला असता.”

घरात मात्र हा प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. एकटी मुलगी एवढं चालते म्हणजे कुणाला तरी भेटत असणार, असं आळीतल्या दोन ओट्यांचं मत आहे. आईने ते मला कोथिंबीर निवडताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच दोन ओट्यांवरून मुद्दाम सावकाश गेले.

प्रवासाच्या भाकरीचा मुक्काम आला तेव्हा आमच्याकडे पोह्यांच्या पापडांचा घाट होता. पुस्तकातली भाकरी कुटलेल्या धान्याची, तिखट, खिशात चार दिवस टिकणारी. मी पापडाच्या पिठाच्या लाट्या घेतल्या, जाडसर थापल्या, गच्चीवर वाळवल्या आणि तव्यावर भाजल्या. दगड झाल्या. दादाने एक चावून पाहिली आणि दारावर खिळा ठोकायला बरी पडेल म्हणाला. शेवटी मी कच्च्या लाटीचा, मध्ये खळगा करून तेल सोडलेला, फोटो टाकला आणि लाटी खाताना बोटं का चाटावी लागतात ते सविस्तर लिहिलं. दूरदेशीच्या एका बाईंनी विचारलं की हे पीठ भाजायचं कधी. भाजायचंच नाही, असं मी ठणकावून लिहिलं. इंग्रजीत मला ठणकावता येतं.

पण गटात सगळ्यांना सर्वांत जास्त आवडला तो माझा ड्रॅगन. आत्याने तीन वर्षांपूर्वी दिलेलं लिंबाचं कलम या उन्हाळ्यात पहिल्यांदा फुलावर आलं, आणि त्याच्या कोवळ्या पानांवर अळ्या आल्या. लहान असतात तेव्हा त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, कुणी हात लावत नाही. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून दोन तांबडी शिंगं काढतात आणि कुजक्या लिंबासारखा दर्प सोडतात. करंगळीएवढा जीव, पण मागे सरत नाही. मी त्या मारत नाही. थोडी पानं त्यांची, बाकीची झाडाची.

दादाचं बोलणं ऐकल्यानंतर दोन दिवसांनी मी रोह्याला गेले. आत्याला दर उन्हाळ्यात वाळवणाची मिरगुंडं घालायला हात लागतात, ते निमित्त होतं. नागोठण्याला एसटी थांबली तेव्हा मी ठरवलं की तिला काही सांगायचं नाही. संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने चालताना सगळं सांगितलं.

आत्याने पहिल्यांदा विचारलं, मग तू काय म्हणालीस. काही नाही, म्हटलं. आता तिचे गुडघे दुखतात, तरी ती माझ्या पुढेच असते.

“मग त्याचं चुकलं कुठे? तो म्हणाला गप्प बसेल. तू बसलीस.”

मला वाटलं होतं ती दादाला चार शब्द सुनावेल. मी चिडून म्हणाले की मला मराठीत भांडता येत नाही, तोंड उघडलं की शब्द चुकतात आणि सगळे हसतात. आत्या म्हणाली, हसू देत. वर्गात चाळीस मुलं हसायची मला, म्हणून मी काय फळा पुसून घरी गेले? मग तिने हिशेबी सल्ला दिला. न्हाणीच्या कोपऱ्यावरून गाडी वळणारच नाही, तेवढंच सांग. माप आणि बायको यांच्यापुढे तुझ्या दादाचं चालत नाही, आणि बायको तर अजून यायची आहे.

मुद्दा बिनतोड होता. मला मात्र तो नको होता. वळणार नाही म्हणून जागा वाचली, तर ती कोपऱ्याने वाचवली असं झालं असतं. आणि गाडी वळली असती तर? तर मग माझी जागा गेलीच पाहिजे होती का?

तीन दिवस मी मिरगुंडांच्या कण्या घोटल्या, आणि घोटताना आत्याने परसात दाखवलेले ते चार शब्द हळूच म्हणून पाहिले. आत्याने ऐकलं असणार.

रविवारी पहिल्या गाडीने पेणला परतले. उतरल्यावर रिक्षा केली नाही. घरी पोचले तर पेव्हरवाला आधीच आला होता. मागच्या दारी बाबा, दादा, आणि पायरीवर चहाचे कप घेऊन आई. पिशवी खांद्यावर ठेवूनच मी दारात उभी राहिले.

पेव्हरवाला कामात पक्का माणूस होता. त्याने फीत सोडली, न्हाणीच्या कोपऱ्याशी मापलं आणि सांगितलं की ही एक पायरी तोडली की गाडी आरामात वळेल. आत्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. मग त्याने चुन्याची फक्की घेतली आणि कुंपणापासून रेघ ओढत आला. रेघ अळवाच्या वाफ्यातून गेली. मी आइस्क्रीमच्या काड्यांवर पुस्तकातल्या गावांची नावं लिहून वाफ्यांत रोवली आहेत, त्यातली दोन आडवी झाली. पुढे लिंबू होतं. त्याने नीट उभं राहायला म्हणून एक पाय लिंबाच्या आळ्यात टाकला. काठाची माती ढासळली आणि आईने सकाळी घातलेलं पाणी त्याच्या चपलेवरून बाहेर वाहिलं.

“हे कापायला लागेल, मुळं खोल नसतात याची,” तो म्हणाला. दादाने मान डोलावली. मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो हसत म्हणाला, “आली बघा मालकीण. कुंड्या चार पुरतील ना गो अळी?”

मी चपला काढल्या आणि मातीत उतरले. पेव्हरवाल्याला म्हटलं, काका, पाय काढा. त्याने काढला. आवाज माझा फाटलेला होता, पण ऐकू गेला होता. मी वाकून ढासळलेली माती हाताने पुन्हा वर ओढली, काठ थापला. एका पानावर अळी होती. हालचालीने बिथरून तिने शिंगं बाहेर काढली होती. मला हसू आलं. तोंडात शब्द गर्दी करत होते आणि त्यातला कुठला चुकेल याची मला पर्वा नव्हती. माझे हात चिखलाचे होते. आई कप घेऊन तशीच थांबली होती, बाबा माझ्याकडे पाहत होते.

“मला विचारलं नाहीस, तरी सांगते दादा,” मी म्हणाले. “हे आळं. ते अळू. पानावर आहे ती अळी. तिघंही इथंच राहणार. गाडी आळीत लाव.”