काशिनाथांचा शब्द

“मला नाही म्हणाले ते असं काही,” परदेशात मुलाच्या घरी, अवोन्डेलच्या बाजारातून आणलेली मेथी निवडता निवडता शुभाताई पुन्हा म्हणाल्या.

“पण मला म्हणाले ना. फोनवर, स्पष्ट. सांगलीचं घर विकून टाक, आईला तिकडे घेऊन जा.”

यशोधनचा आवाज चढला होता. बाबांची शेवटची इच्छा तो मोडणार नव्हता. शिवाय इथे आईला कमी काय होतं? कमी काहीच नव्हतं. निवेदिता हॉस्पिटलमधून दमून आली तरी सासूचा चहा स्वतः करायची. पण सांगलीचं घर गेलं की शुभाताईंना परत जायला जागा उरणार नव्हती.

नात सिद्धी टेबलावर शाळेच्या मॉक ट्रायलची तयारी करत होती. त्या खोट्या खटल्यात ती वकील होती. “डॅड, दॅट्स हिअरसे,” ती मान वर न करता म्हणाली. ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही. ज्याने सांगितलं त्यालाच उभं करावं लागतं.

“झालं तर मग. नातीनेच निकाल दिला,” शुभाताई म्हणाल्या.

पण सिद्धीने पान उलटलं. तो माणूस हयात नसेल तर चालतं, म्हणाली. फक्त त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येईल का, ते बघतात. मग ती आजीकडे वळली. “आजी, तू विटनेस. आजोबा तेव्हा ओके होते? त्यांना सगळं कळत होतं?”

“विचार, विचार,” यशोधन म्हणाला. “शेवटपर्यंत खणखणीत होते. आईच सांगायची दर फोनला.”

सांगायच्या खऱ्या. एवढ्या लांब पोराच्या जिवाला घोर कशाला. फोन लावण्याआधी त्या काशिनाथांकडून मुलाचं नाव घोकून घ्यायच्या. फोन ठेवला की ते विचारायचे, तुम्ही कोण? जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला घरातली बाथरूम सापडत नव्हती. संध्याकाळी चपला घालून दारात उभे राहायचे. हे घर आपलं नाही, विकून टाका, असं दूधवाल्यालाही सांगायचे.

एवढं सांगितलं असतं तर घर वाचलं असतं.

वडिलांच्या शेवटाला यशोधन पोचला नव्हता. त्यांचं म्हणून त्याच्यापाशी तेवढं एक बोलणं होतं. सिद्धी उत्तराची वाट बघत होती.

“कळत होतं,” शुभाताई म्हणाल्या. “सगळं कळत होतं त्यांना.”

निवेदिता आत येऊन उभी राहिली होती. शुभाताईंनी उठून हात धुतले, पदराला पुसले.

“घर विकायला काढ. मी इथेच राहणार आहे.”