शैलजा मॅडमच्या भुवईवरचे टाके

शैलजा मॅडमच्या डाव्या भुवईवरचा व्रण पाहून नवखा माणूस विचारतो, "सायकलवरून पडल्या का हो?" जपानातल्या निशी-कसाई स्टेशनबाहेरच्या बाकावर बसणारी आम्ही म्हातारी मंडळी त्याला आधी शेजारी बसवून घेतो. ही गोष्ट उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही.

बाई मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आली, कोंबिनीच्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर उभं राहून जपानी शिकली आणि मग एका भारतीय शाळेत फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेऊ लागली. दिसायला गरीब गाय, पण मार्कांच्या बाबतीत कसाई!

लंबक हलवायचा, स्टॉपवॉच दाबायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, असा तो प्रयोग. आता उत्तर पुस्तकात छापलेलंच आहे, नऊ पॉइंट आठ. आपली पोरं हुशार. आधी उत्तर लिहितात, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज बेततात. बाई अशांना शून्य देते. म्हणते, "अंगठा पुढेमागे होणारच. किती होतो ते अधिक-उणे करून लिहा. चुकलात तर मी समजून घेईन. उत्तर तंतोतंत आलं तर मला संशय येतो."

दिगंबररावांच्या लेकीला, मितालीला, शून्य मिळालं. दिगंबरराव एका कंपनीत टेस्टिंगचे मॅनेजर, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारे. ते थेट प्रिन्सिपॉलकडे गेले. प्रिन्सिपॉलनी बाईला बोलावून सांगितलं, "शून्य बदला, नाहीतर एप्रिलपासून तुमचा करार नाही." बाईने बदललं नाही.

मग पालकसभेच्या दिवशी दिगंबरराव प्रयोगशाळेत शिरले. बाह्या सरसावल्या. "मी काढून दाखवतो नऊ पॉइंट आठ!" स्टॉपवॉच दिलं जयप्रकाशकडे, तोही एक पालकच. त्याच्या मुलाला, वरदला, याच प्रयोगात पैकीच्या पैकी होते, आणि तो ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत असे.

पहिल्यांदा आलं नऊ पॉइंट एक. मग दहा पॉइंट चार.

"मुद्दाम उशिरा दाबतोस!"

"अहो, तुमचा लंबकच तुमच्यासारखा, जाईल तिकडे भरकटतो."

दिगंबररावांनी कॉलर धरली. जयप्रकाशने डोक्याने नाक फोडलं. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या तक्त्यावर उडाली. लोखंडी स्टँड जयप्रकाशच्या कोपरावर बसला, चष्मा टाचेखाली चुरला, बीकरांची रांग खाली आली आणि दोघे त्याच काचांवर लोळले. तळहात फाटले, तरी गुद्दे थांबेनात. जयप्रकाशने दात थुंकला. बाई पोरांना दाराबाहेर ढकलत होती. ती वळली आणि लंबकाचा गोळा तिच्या भुवईवर आदळला. कातडी उघडी पडली, डोळा रक्ताने भरला.

पोलीस आले. एक तरुण पोलीस मोजपट्टी लावून टेबलापासून रक्तापर्यंतचं अंतर मोजू लागला. इकडे पालकांत कुजबुज सुरू झाली, "व्हिसाचं काय?" दोन मिनिटांत सगळ्यांचं एकच ठरलं: दोरा आपोआप तुटला.

प्रिन्सिपॉल बाईपाशी वाकले. "तेवढंच म्हणा. कराराचं मी बघतो."

भुवईवर रुमाल दाबून बाई म्हणाली, "गोळा हातातून सुटला की दोऱ्यातून, मी पाहिलं नाही. नाही पाहिलं, एवढंच सांगेन."

आता दिगंबररावांचं जपानी 'सो देस'च्या, म्हणजे 'बरोबर आहे'च्या, पुढे कधी गेलं नाही. घरभाड्यापासून दवाखान्यापर्यंत लेकच दुभाषी. त्यांनी तिला पुढे केलं. "सांग त्यांना, दोरा तुटला."

मिताली जपानीत बोलू लागली, जरा जास्तच वेळ. दिगंबरराव नाक धरून मान डोलावत होते. "सो देस, सो देस."

ती म्हणत होती, "सगळे एकच वाक्य सांगताहेत, ते ठरवलेलं आहे. गोळा टेबलाखाली आहे, दोरा अख्खा आहे. किती जोरात फेकला ते मला सांगता येत नाही. नेम कुणावर होता, तेही नाही. पण फेकला बाबांनीच. हे नक्की."

फुटक्या तोंडाने जयप्रकाश खदाखदा हसला, तेव्हा बापाच्या डोक्यात उजेड पडला. "कार्टे!" म्हणत त्याने हात उगारला. तो खाली यायच्या आत पोलिसाने पिरगाळला आणि दिगंबररावांचं तोंड टेबलावर दाबलं. मिताली बाईचा पदर धरून उभी राहिली, जागची हलली नाही.

एप्रिलमध्ये करार गुपचूप पुढे चालू झाला. शाळेतच डोकं फुटलेल्या बाईला काढलं, तर पोलीस पुन्हा विचारायला यायचे!

दिगंबरराव इथल्या रिवाजाप्रमाणे मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला गेले. कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "मॅडम, तेवढं ते शून्य..."

"ते शून्यच राहील," बाई म्हणाली. "प्रयोग तिने पुन्हा केलाय. नऊ पॉइंट तीन, अधिक-उणे पॉइंट सहा. त्याचे मार्क वेगळे."

"म्हणजे नऊ पॉइंट आठ नाहीच आलं?"

बाईने खोका घेतला आणि दार लावलं.