दुकानातून उठणारे जिभाऊ

जिभाऊ दुकानातून ज्या तऱ्हेने उठायचे, तसं उठणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत कुणाला काही घ्यायचं असलं, मग तो पंखा असो, शिलाई मशीन असो की लग्नाचा हंडा, आधी जिभाऊंना गाठायचं आणि मग दुकान गाठायचं. दुकानात जिभाऊ ऐसपैस बसत, दुकानदाराचाच चहा पीत, वस्तू उलटीपालटी करून बघत, आणि भावावर घोडं अडलं की शांतपणे उठत. खांद्यावरचा पंचा झटकायचा, चपला पायात सरकवायच्या आणि चालू लागायचं. वस्तू घ्यायला आलेली आम्ही माणसं तोंड वासून मागे बसलेली. पण जिभाऊ पायरी उतरून रस्त्याला लागेपर्यंत मागून हाक यायचीच, “अरे काका, पाछा आवो ने!” मग जिभाऊ वळायचे, तेही घाई न करता, आणि भाव त्यांच्या मनासारखा झालेला असायचा.

“ज्याले उठता येस, त्यालेच माल भेटस,” असं ते म्हणायचे. “आन् मांगे देखानं नही, माय. मागे पाहिलं की भाव गेला.”

मी परभणीकडची. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा समोरच्या खोलीतल्या या खानदेशी कुटुंबाची अहिराणी मला निम्मी कळायची नाही. ते माझ्याशी बोलताना त्यात थोडी पुस्तकी मराठी मिसळून द्यायचे, माझं अडू नये म्हणून. जिभाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारीगर होते. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे बोलायचे मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. घरात शेवंतावहिनी आणि एकुलती एक मंगला. मंगला माझ्याकडे साड्यांना टिकल्या लावायला बसायची. हात असा हलका, की शेठकडून तिची साडी कधी परत आली नाही.

आमच्याकडे टीव्ही घ्यायचा ठरला तेव्हा आमचे हे म्हणाले, “दुकानात जायचं, पैसे टाकायचे, आणायचा. त्यात जिभाऊ कशाला?” मी म्हटलं, “तुम्ही मागच्या वेळी आणलेला मिक्सर कुठंय, सांगा बरं?” चपला शोधायला लागले बिचारे. जिभाऊंनी आम्हाला उन्हातान्हात बाजारभर फिरवलं. प्रत्येक दुकानदार गाण्याचा कार्यक्रम लावून दाखवायचा. जिभाऊ म्हणायचे, गाणं राहू दे, बातम्या लागू दे. मग बातम्या लागेपर्यंत आम्ही बसून. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई आली की ते पुढे सरकत. “तिची साडी पांढरी दिसते का मळकट, ते बघ. ज्याचं पांढरं खरं, त्याचं सगळं खरं.” शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्यांनी पसंत केला. अर्थात त्या दुकानातूनही एकदा उठूनच.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या भीतीने गावाकडे पळालेली माणसं परत आली, खाती पुन्हा सुरू झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मंगलाचं लग्न ठरलं. स्थळ शिंदखेड्याकडचं. बागायत शेती, पक्कं घर, मुलगा एका सहकारी सोसायटीत कामाला. व्याही एका दुपारी आले, चहा झाला, पोहे झाले, सुपारी फुटली. जिभाऊ इतके हरखले होते की विचारूच नका. “याहींनी तोंडाने काही मागितलं नाही,” ते गल्लीभर सांगत सुटले. “फक्त म्हणे, तुमच्या लेकीला टीव्ही बघायला आवडत असेल तर बघा. कलरच देतो मी मन्ही आंडेरले!” आंडेर म्हणजे मुलगी, हे मला एव्हाना कळत होतं.

त्या टीव्हीसाठी जिभाऊंनी सुरत पालथी घातली. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघायचे ते दिवेलागणीला यायचे. कंपनीचे टीव्ही पाहिले, नाकं मुरडली. “आत काय शे? पत्रा नि पुठ्ठा. पैसा नावाचा घेतात.” शेवटी त्यांना उधन्याकडे एक असेम्बलवाला सापडला, हसमुखभाई. त्या काळी असे कारागीर फार होते. सुटे भाग आणून स्वतः टीव्ही जोडायचे आणि विकायचे. जिभाऊंनी त्याच्याकडून चांगल्यातली पिक्चर ट्यूब बसवून घेतली, भरभक्कम लाकडी खोकं करून घेतलं. टीव्ही घ्यायला जाताना मला आणि मंगलाला सोबत नेलं. बातम्यांतल्या बाईची साडी काय स्वच्छ दिसली म्हणून सांगू! मंगला टाळ्या पिटायला लागली.

निघताना हसमुखभाईने एक खण ओढला. त्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाच्या चकचकीत पट्ट्या. “काका, कोणतं नाव लावू? फुकटमां.” जिभाऊंचा चेहराच बदलला. “लेकीच्या सासरी खोटं नाव पाठवू? बिननावाचा राहू दे.” हसमुखभाई समजावत होता, “काका, नाम वगर कोई नथी लेतुं.” नावाशिवाय कुणी घेत नाही म्हणे. जिभाऊ पंचा झटकून म्हणाले, “नावाला काय चाटायचंय?” मलाही तेव्हा त्यांचंच पटलं. रिक्षात तो टीव्ही मांडीवर धरून आम्ही तिघं हसत घरी आलो.

लग्न मुलाच्या गावी होतं. तिकडे मांडवात आंदण माइकवर पुकारायची रीत. कोणी काय दिलं ते सगळ्या गावाला ऐकवायचं. पुकारणारा रंगात आलेला. भांडी झाली, कपाट झालं, शिलाई मशीन झालं. मग तो म्हणाला, “वधूपित्याकडून रंगीत टीव्ही! कंपनी...” आणि खोक्याभोवती फिरून नाव शोधू लागला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. शेवटी माइक बाजूला न करताच ओरडला, “ओ जिभाऊ, कंपनी कोणती?” जिभाऊ लूमवरच्या आवाजात म्हणाले, “कंपनीपेक्षा चांगला शे!” सगळा मांडव हसला. पुकारणाऱ्याने माइकवर सांगून टाकलं, “रंगीत टीव्ही, बिगर कंपनीचा!” पुन्हा हशा. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. 

पुढचं वर्षभर मंगलाची ख्यालीखुशाली येत होती ती दुसऱ्यांच्या तोंडून. बरी आहे, कामात आहे, एवढंच. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येतेच येते. झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासरचं सगळं बोलून मोकळ्या होतात. शेवंतावहिनींनी सांजोऱ्या करून ठेवल्या होत्या. मंगला आली, पण टेम्पोतून आली, आणि तिच्या शेजारी चादरीत गुंडाळलेला तो टीव्ही होता. निरोप असा होता की हा बदलून कंपनीचा घ्या आणि मगच लेकीला पाठवा.

सांजोऱ्या तशाच राहिल्या. वहिनी मुळात कमी बोलणारी बाई. त्या दिवशी ओट्यावर उभी राहून नवऱ्यावर कडाडली, “टीव्हीसाठे धा दुकाना फिरनात, आन् जवाईसाठे एक कप चहा पिधा, व्हयनं!”  जिभाऊंनी मान वर केली नाही. त्या शब्दांचा त्यांच्या वर्मावर घाव बसला होता, आणि तो खरा होता म्हणूनच लागला होता.

मंगला माझ्याकडे पूर्वीसारखी टिकल्या लावायला बसली. टिकली बोटातून निसटायची. एकदा मीच दाराला कडी घातली आणि विचारलं, तेव्हा बोलली. घरी पाहुणे आले की त्या टीव्हीवर चादर टाकतात, म्हणाली. तिला त्यासमोर बसायची बंदी. “नाव नाही त्याला आणि बापाला अक्कल नाही,” हे रोजचं. आणि नवरा हात उचलतो. “काकू, आमच्या अप्पांना सांगू नका. ते म्हणतील, माझ्या टीव्हीनेच मारलं पोरीला.”  मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर ती आक्रसली. पाठही दुखत होती तिची.

पण मी गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर जिभाऊंना सगळं सांगून टाकलं. ते हंड्याकडे बघत राहिले. हंडा भरून वाहू लागला तरी नळ बंद केला नाही.

तेव्हा दुकानादुकानांवर जुना द्या, नवा घ्या अशा पाट्या लागल्या होत्या. जिभाऊ तो टीव्ही घेऊन गेले. दुकानदाराने तो लावूनसुद्धा पाहिला नाही. नाव नाही, तर किंमत नाही, म्हणाला. जिभाऊ तसाच टीव्ही घेऊन परत आले, आणि त्या दुकानातून ते नेहमीसारखे उठले नव्हते, त्यांना उठवलं होतं. मी चिडून म्हटलं, “जिभाऊ, एवढे बाजारात हिंडता, मग या व्याह्याला तोंडावर नाही म्हणून सांगा की!” ते कसंनुसं हसले. “दुकानातून उठता येस, माय. आंडेरना बाप कसा उठी?” बाजारात कुणाला न दबणाऱ्या माणसाला असं बोलताना पाहून मला रडूच आलं.

पावसाळ्याआधी व्याहीच सुरतेला आले. सोबत जावई आणि गावातले एक पोक्त गृहस्थ. जिभाऊंच्या खोलीत बैठक बसली. वहिनींच्या मदतीला म्हणून मी चुलीपाशी होते, मंगला माझ्यामागे. व्याह्यांची यादी आता वाढली होती. कंपनीचा मोठा टीव्ही, आणि मुलाला सोसायटीत जायला मोटारसायकल. जिभाऊ समजुतीने घेत होते. टीव्हीचं बघतो म्हणाले, खात्यातून उचल घेतो म्हणाले, गाडीला मात्र दम धरा म्हणाले. घासाघीस चालली होती, पण यात जिभाऊंचा नेहमीचा आवाज नव्हता. हळू बोलत होते. त्यांना हळू बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी घसा खाकरला. “आणि याही, पोरीवर हात उचलणं बंद. तेवढा शब्द द्या.”

जावई खिडकीबाहेर बघू लागला. व्याह्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच,” ते म्हणाले. “आधी टीव्ही तर येऊ द्या. मग त्याचंही बघू.”

 जिभाऊंनी हातातली बशी खाली ठेवली. मग उठले. खांद्यावरचा पंचा झटकला, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि पायरी उतरून चालू लागले. स्वतःच्याच घरातून! पाहुणे आत बसलेले आणि घरमालक रस्त्यावर. वहिनी माझ्याकडे बघू लागली, मी वहिनीकडे.

व्याही गडबडले. दारात येऊन त्यांनी हाक मारली, “अहो याही, असं काय करता? या, बसा!” जिभाऊ चालत होते. “बरं, मोटारसायकल राहू द्या!” जिभाऊ चालत होते. “अहो, टीव्ही छोटा चालेल! नुसतं कंपनीचं नाव असलं तरी चालेल!” आता सगळी गल्ली दारात आली होती.  या माणसाचं वळणं मला पाठ होतं. हाक आली की वळायचं, भाव मनासारखा झाला की वळायचं. जिभाऊ पानाच्या टपरीपर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वळले नाहीत.

तेव्हा मंगला माझ्यामागून पुढे आली. पाहुण्यांच्या दाराशी पडलेल्या चपला तिने उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट मांडून ठेवल्या. एकही जोड चुकला नाही.

ते गेल्यावर जिभाऊ परत आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं.  पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना दिसत होतं. समाज तोंडात शेण घालणार, पंचांपुढे खेटे घालावे लागणार, आणि ते सगळं झालंही. नवऱ्याने सोडली की बापाने ठेवून घेतली, हे लोकांनी वर्षानुवर्षं चघळलं. मंगला माझ्या शेजारी बसून साड्या करत राहिली. तो बिननावाचा टीव्ही त्यांच्या खोलीत चालू असायचा आणि गल्लीतली निम्मी माणसं तिथे जमायची, पण जिभाऊ काही त्याच्यासमोर बसले नाहीत. कुणासोबत बाजारालाही पुन्हा गेले नाहीत. खातं बंद पडलं, दमा बळावला, आणि एका हिवाळ्यात ते गेले.

त्या दिवशी ओट्यावर मात्र, त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर, मला राहवलं नव्हतं. मी विचारलं होतं, “जिभाऊ, एवढ्या हाका मारत होता तो. एवढा खाली आला होता. वळला कसे नाहीत?”

त्यांनी पंचाने तोंड पुसलं. आत मंगला भांडी आवरत होती, त्या आवाजाकडे कान देऊन ते म्हणाले, “तो भाव कमी करी राहिंता, माय. पण माल तोच व्हता.”