बुंदीची वाटी

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे केलं ते मांजराच्या मायेपोटी केलं असा कुणाचा समज व्हायला नको. बुंदी आमच्या शेजारच्या साहेबराव ओहोळांची. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. यंदाच्या उन्हाळ्यात तिनं माझ्या दारातल्या पायपुसण्यावर तीनदा उलटी केली. तिसऱ्या वेळी मी पदर खोचून, भांडायच्या पूर्ण तयारीनं ओहोळांच्या दारात गेले, तर साहेबराव आत उकिडवे बसून फरशी पुसत होते. त्यांच्याकडंही तेच झालं होतं.

"बाई, लई वकतीय हो ही," ते म्हणाले. "काय करू, सुदरंना."

मी भांडायचं विसरले. विसरले म्हणजे, पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलं.

साहेबराव रेल्वेत गेटमन होते. दौंडजवळच्या एका फाटकावर त्यांची उभी हयात गेली. स्टेशनातून फोन यायचा, गाडीचा नंबर सांगितला जायचा, तो यांनी जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, फाटक लावायचं, वहीत वेळ लिहायची. गाडी गेली की फाटक उघडायचं, पुन्हा वेळ लिहायची. फोनवर कामापुरतं बोलायचं आणि लाइन मोकळी करायची, हा नियम. तो त्यांच्या अंगात असा मुरला की घरच्या फोनवरही "हां. बरं. ठिवतो," याच्यापुढं त्यांची गाडी जायची नाही. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी जायची नाही.

बोलायचं काम त्यांच्या बायकोचं, ताईबाईंचं. एकुलती एक लेक दीक्षा नर्स होऊन मस्कतला गेली, तेव्हा ताईबाई रोज संध्याकाळी सात वाजता ओट्यावर बसून तिच्याशी तासभर बोलायच्या. भाजीत मीठ किती पडलं इथपासून गल्लीत कुणाचं कुणाशी वाजलं इथपर्यंत सगळं मस्कतला पोचायचं. मी दाराआड असले तरी माझंही नाव निघालेलं ऐकू यायचं. साहेबराव शेजारी बसून ऐकायचे आणि मध्येच एकदा म्हणायचे, "जेवली का, इचार." बापाचा वाटा तेवढाच.

दोन वर्षांमागं ताईबाई छातीत कळ येऊन गेल्या. दीक्षा आठ दिवस आली, रडली, परत गेली. दीक्षा माझ्याच हाताखाली चौथी शिकलेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बाई, पप्पांकडं लक्ष ठेवा. ते काही सांगणार नाहीत."

त्यानंतर सातचा फोन साहेबरावांकडं आला. जेवलीस का, ड्युटी हाय का, बरं. मिनिटाच्या आत खेळ खलास. फोन ठेवल्यावर हा माणूस पुढचा तासभर ओट्यावर तसाच बसून राहायचा. मला खिडकीतून दिसायचं आणि राग यायचा. अहो, बोलायचं होतं ना मग! पण हे कुणाला सांगायचं?

बुंदी मुळात दीक्षाची. मस्कतला जायच्या आदल्या वर्षी तिनं ती बुटांच्या खोक्यातून घरी आणली होती. एक दिवस व्हिडिओचा फोन चालू असताना ही बया समोर येऊन बसली, पंजानं तोंड पुसायला लागली आणि पलीकडं दीक्षा हसली. साहेबराव त्या संध्याकाळी मुद्दाम माझ्या दारात आले. "हसली, बाई," एवढंच म्हणाले आणि परत गेले. आई गेल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली होती. दुसऱ्या दिवसापासून फोन पाण्याच्या पिंपाला टेकून उभा राहायला लागला आणि फोनपुढं बुंदीची वाटी आली. बुंदी खायची आणि दीक्षा बघत बसायची. फोन दहा मिनिटं चालायला लागला, मग पंधरा.

आणि आता ही मांजर ओकत होती. आधी दोन दिवसांतून एकदा, मग रोज. अंग उतरलं, डोळे खोल गेले. गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर झाला. कुणी म्हणालं पाल खाल्ली असेल, कुणी म्हणालं जंत. समोरचे बाळासो म्हणाले, कुणीतरी उंदराचं औषध टाकलंय, आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते घरात गेले. साहेबरावांनी हळद घातली, ताक पाजलं, गवत आणून पुढ्यात ठेवलं. दीक्षाला मात्र यातलं काही सांगितलं नाही.

"सांगा की तिला. नर्स आहे, काहीतरी सुचवेल," मी म्हटलं.

साहेबरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, ही मेली तर पोरगी फोन कशाला करंल?"

"काहीतरीच काय! तुमच्यासाठी करेल. लेक आहे तुमची."

"माझ्यासाठी करत व्हती तवा मिनिटात ठिवत व्हती," ते म्हणाले. भल्याभल्यांची तोंडं बंद केली मी शाळेत, त्या दिवशी माझं बंद झालं.

शिरूरला एक डॉक्टरीणबाई मांजर-कुत्री बघतात असं कळलं. माझी बहीण गिताबाई त्याच वाटेवर न्हावऱ्याला दिलेली, तिच्याकडं जायचं निमित्त करून मीही निघाले. हा माणूस एकटा गेला असता तर डॉक्टरसमोरही "बरं" म्हणून उठून आला असता. झाकणाच्या टोपलीत दीक्षाची जुनी ओढणी अंथरून बुंदीला बसवलं. दौंडहून चौफुला, तिथून शिरूरची एसटी. टोपली मांडीवर घेऊन साहेबराव सबंध वाटभर खिडकीतून येणारं ऊन एका हातानं अडवत होते. कंडक्टरनं झाकणातून डोकावून विचारलं, "पाव्हणी कुठं निघाली?" तर म्हणाले, "दवाखान्यात," आणि तेही इतक्या गंभीरपणे की तो बिचारा पुढं सरकला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बुंदीचं पोट चाचपलं, तोंड उघडून पाहिलं, ताप पाहिला, रक्त घेतलं. विशेष काही दिसत नाही, म्हणाल्या. जंताचं औषध दिलं.

"खाल्ल्यावर किती वेळानं उलटी होते, बाबा?"

साहेबरावांना सांगता येईना.

"पडतं ते खाल्लेलं जसंच्या तसं असतं का पचलेलं? सकाळी होते की संध्याकाळी?"

"लक्ष न्हाई दिलं, म्याडम."

"मग आठ दिवस लिहून काढा. किती वाजता काय दिलं, किती वाजता उलटी झाली. मला फोनवर सांगितलंत तरी चालेल."

लिहून काढा म्हटल्यावर साहेबरावांची पाठ ताठ झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना जमणारं काम कुणीतरी सांगितलं होतं. शिरूरच्या स्टँडवरच त्यांनी लांबडी वही विकत घेतली आणि एसटी सुटायच्या आत पट्टी नसताना चार सरळ रेघा मारल्या. वेळ, काय दिलं, वकली का, शेरा.

आठव्या दिवशी दुपारी ते वही घेऊन माझ्याकडं आले. मला दिली आणि उंबऱ्याशीच बसले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

अक्षर फाटकावरचंच, टपोरं. ६.१०, दूध अर्धी वाटी, न्हाई. ११.४०, भाकरीचा कुस्करा, न्हाई. १९.०२, दूध, कुस्करा, अंडं, परत दूध, परत कुस्करा. १९.२६, वकली. शेऱ्यात लिहिलेलं, दी. चा फोन. मी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी १९.२९. तिसऱ्या दिवशी १९.२१, त्या दिवशी सुकटही होतं. सकाळचं काहीच उलटत नव्हतं, दुपारचं नाही. सगळं काय ते सातनंतर. फक्त सहाव्या दिवशी सातच्या ओळीत काही दिलेलं नव्हतं आणि मांजर ओकलीही नव्हती. शेऱ्यात होतं, दी. डबल ड्युटी, फोन न्हाई.

"अहो, त्या फोनच्या उजेडाचा त्रास होत असेल तिला," मी म्हणाले. मास्तरकीत आयुष्य गेलं तरी मी एवढी मठ्ठ.

साहेबराव मान खाली घालून म्हणाले, "उजेडाचा न्हाई, बाई. माझा तरास हाय त्यो."

"म्हणजे?"

"वाटी रिकामी झाली की दीक्षा म्हंती, चला पप्पा, झालं हिचं, ठेवते आता. म्हनून म्या वाटी रिकामी हूच देत न्हाई. संपत आली की वततो. थांबली खायाची, तर अंडं कुस्करतो, सुकट टाकतो. खाती बिचारी. आन् पोरगी बघत ऱ्हाती." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "तिच्या पोटात मावत न्हाई त्ये. मलाच कळंना. लिव्हलं तवा कळलं."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. एवढ्याशा जनावराच्या पोटात त्यांनी पोरीचा वेळ भरून ठेवायचा प्रयत्न केला होता. मला त्यांचा राग आला नाही. आपल्याला कुणाला थांबवून धरायला काही सापडत नाही, म्हणून आपण धरत नाही एवढंच.

डॉक्टरीणबाईंना मीच फोन लावला. त्या म्हणाल्या, दूध पूर्ण बंद, मोठ्या मांजराला ते सोसेलच असं नाही. थोडं थोडं द्या, चार वेळा, आणि संध्याकाळचं खाणं पाचलाच उरका. रक्ताच्या तपासणीतही काही निघालेलं नव्हतं.

त्याच दिवशी पाचला बुंदीनं उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे खाल्ले आणि खाटेखाली जाऊन झोपली. पावणेसातला साहेबराव पुन्हा माझ्या दारात. "आज तुम्ही बसा, बाई. माझं काय खरं न्हाई."

मी फोनच्या समोरून बाजूला, भिंतीला टेकून बसले. सातला फोन आला. दीक्षाच्या अंगावर ड्युटीचे कपडे होते, केस ओले होते.

"पप्पा, बुंदी कुठंय?"

"झोपलीय. खाल्लं तिनं मगाशीच."

"हो का? बरी आहे ना?"

"बरी हाय."

फोनपुढची जागा मोकळी होती. साहेबरावांचं बोट फोनकडं निघालेलं मी पाहिलं, आता हा माणूस "बरं" म्हणणार. माझ्या तोंडात शब्द आले होते, पण मी ओठ दाबून बसले.

"चला मग पप्पा, ठे..."

"दीक्षा, ठिवू नगंस," साहेबराव म्हणाले.

"काय झालं?" ती घाबरलीच.

"काय न्हाई झालं. तू ठिवशील म्हनून म्या बुंदीला जास्तीचं चारत व्हतो. ती वकायची. तुला सांगितलं न्हाई. आता डाक्टरनं बंद केलंय." एवढं बोलून त्यांना दम लागला. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या फोनवर ते इतकं बोलले नसतील. "तुझी आई व्हती तवा घरात बोलनं व्हतं. मला येत न्हाई. पन मला तुझी लई आठवण येती, पोरी. सात वाजायची वाट बघतो म्या दिसभर."

मी मान वाकडी करून पाहिलं तर दीक्षानं तोंडावर हात धरला होता.

"मला वाटायचं तुम्हाला कंटाळा येतो," ती म्हणाली. "लहानपणी मी स्टेशनात जाऊन फाटकावर फोन करायचे ना, तुम्ही म्हणायचे, ठेव, लाइन मोकळी कर. मम्मी गेल्यावर वाटायचं, आता म्हणतीलच ठेव. म्हणून मी आधीच ठेवायचे, पप्पा. बुंदी खात असली की तुम्ही म्हणायचे नाहीत."

साहेबराव नुसते मान हलवत राहिले.

"तुम्ही काय खाल्लं आज?" तिनं विचारलं. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. मीसुद्धा नाही, आणि भिंतीला भिंत लागून राहते.

"करतो आता."

"मग करा. मी आहे. ड्युटीला जायला अजून वेळ आहे."

साहेबरावांनी परातीत पीठ घेतलं. भाकरी थापली, एका बाजूनं करपली. मिरचीचा ठेचा घेतला, कांदा फोडला, ताट घेऊन फोनपुढं बसले आणि खायला लागले. मी उठायला लागले, पण उठवेना. घास इतके बारीक, इतके हळू की मला आधी वाटलं दात दुखतोय. चतकोर भाकरी संपायला दहा मिनिटं लागली. उरलेल्या भाकरीकडं ते मधूनमधून बघत होते, किती राहिली म्हणून.

दीक्षालाही ते दिसत होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "पोटभर जेवा. भाकरी संपली तरी मी ठेवत नाही."