गोठलेली बाटली

"अहो, ही बाटली फ्रीजरमध्ये कोणी ठेवली? कुल्फी करायची होती का?"

मॅडमचा आवाज आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधून निघाला तो थेट मार्केट यार्डापर्यंत गेला. तिथल्या हमालांनी पोती खाली ठेवली असणार, माझी खात्री आहे.

ठेवली होती मीच. ऐन उन्हाळ्यात दुरून आलेली पाहुणी. गारवा जास्त तेवढी बडदास्त चांगली, असं मला वाटलं. करंगळीएवढी बाटली, आत अँटीबॉडी. कर्करोगाच्या गाठीतलं एकच प्रथिन तिला ओळखू येतं. ते भेटलं की पेशींच्या कडा तपकिरी होतात आणि पेशंटला एक खास औषध देता येतं.

"गोठली की हिची ओळख जाते," मॅडम म्हणाल्या. "मग असलेल्यालाही ही नाही म्हणणार."

बाहेर बाकावर मंडईत पालेभाजी विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा कापून कापून संपला होता. काचेवर चढवलेला शेवटचा पापुद्रा माझ्या हातात होता, आणि मी त्यावर थेंब टाकायलाच निघालो होतो.

मॅडमनी तो थेंब आधी दुसऱ्या, हमखास रंगणाऱ्या तुकड्यावर टाकायला लावला. काही तासांनी पाहिलं. तपकिरी रंगाचा पत्ता नाही.

"मावशी, परवा या. बाटलीला सर्दी झालीय," मी बाहेर येऊन सांगितलं.

"बर्फात ठेवली असणार तुम्ही," मावशी म्हणाल्या. "मेथीसुद्धा बर्फावर काळी पडते. ओलं फडकं पुरतं."

तिसऱ्या दिवशी नवी बाटली आली, फ्रीजच्या मधल्या फळीवर बसली. दुपारी हमखास तुकडा झकास रंगला. मग मावशींच्या पापुद्र्यावर थेंब टाकला; संध्याकाळी तो मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि डोळा लावला. आधी नुसती निळाई, पहाटेच्या धुक्यासारखी. मग त्या धुक्यातून एकेक कड वर आली, तपकिरी, रेखीव, जणू कोणी झोपेतच जाळी विणत होतं. मी त्या गल्ल्यांतून तरंगत निघालो. पायाखाली जमीन नाही, कानावर हॉर्न नाही. शंभर वर्षं तरी तिथे राहिलो असेन. एका वळणावर घरही बघून ठेवलं. परत आलो तर बाहेर मागवलेला चहा अजून वाफाळत होता.

"मॅडम, आत अख्खं गाव आहे! दारोदार तोरणं लागलीत!"

मॅडमनी डोळा लावला. बराच वेळ तिथून हटल्या नाहीत.

"हो. औषध देता येईल. मावशींना आत बोलवा, आणि फ्रीजरला हात लावू नका."